घरी वाचून घ्या म्हटलेला धडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मागच्या अंगणात भरिताची वांगी भाजायला घेतली आहेत आणि वास इथपर्यंत येतो आहे, त्यामुळे मी वेळ पाळणार याची खात्री बाळगा. विषय मला ‘तणावमुक्त जीवन’ असा दिला होता. तो मी बदलून घेतला. का, ते सांगते.

जीवशास्त्राच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल, पण आम्हाला पक्कं आठवतं. शरीराचा ‘तो’ धडा आला तेव्हा तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, “हा धडा घरी वाचून घ्या.” मुलं खाली बघून हसली आणि आम्ही मुलींनी वहीत डोकं घातलं. यात तक्रार नाही. त्या काळी बहुतेक शाळांत हेच व्हायचं. पण घरी तो धडा कोणी वाचला नाही, हेही तितकंच खरं. आज चाळीस वर्षांनी तोच धडा मी उभी राहून वाचणार आहे, आणि मुलग्यांनाही वर्गाबाहेर जायची परवानगी नाही.

विषय आहे स्तनांचा कर्करोग. आपला धोका किती, तो कसा ओळखायचा, आणि कोणती तपासणी कोणी कधी करून घ्यायची, एवढंच सांगायचं आहे.

आजच्या ग्रुप फोटोत खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची आपली एक मैत्रीण नव्हती. ती चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या घरच्यांना विचारून मी हे बोलते आहे, नाव मात्र घेत नाही, कारण तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. तिच्या हाताला गाठ लागली तेव्हा घरात मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्न झालं, मग दिवाळी आली, मग कापूस वेचणीला माणसं मिळेनात. अकरा महिने गेले. कातडी ओढली जाऊन खळगा पडला तेव्हा तिने मला फोन केला. मी विचारलं, “इतके दिवस का थांबलीस?” ती म्हणाली, “दुखस नही ना माय, मंग कसाले जाऊ दवाखानामा?”

‘दुखत नाही’ हेच तिचं कारण होतं. आणि आजच्या भाषणातली पहिली गोष्ट तीच आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून काही नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी भूलतज्ज्ञ आहे. लग्न होऊन धुळ्याला गेले आणि गेली पंचवीस वर्षं तिथेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसांना झोपवणं आणि नीट जागं करणं हे काम करते आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या किती बायकांचा हात मी त्या शेवटच्या मिनिटात धरला असेल, त्याची मोजदाद नाही. शिरपूरच्या, साक्रीच्या, पारोळ्याच्या, चोपड्याच्या. त्यातल्या फार थोड्या वेळेवर आलेल्या असायच्या. मला वाटायचं, हा विषय मला कळतो. तो मला किती कळत नव्हता, तेही मी आज सांगणार आहे.

प्रार्थनेला आपण उंचीप्रमाणे रांगा करायचो. आज मी तुमच्या तीन रांगा करते. आपण कोणत्या रांगेत आहोत हे प्रत्येकीने मनातल्या मनात ठरवायचं आहे.

पहिली रांग, जिला काही जाणवतं आहे तिची. गाठ, कातडीवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड त्वचा, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून आपोआप रक्त किंवा पाणी येणं, बोंडावर न भरणारी खपली, काखेत गाठ, एका बाजूचा आकार अलीकडे बदलणं. यातलं काही असेल तर तिला ‘स्क्रीनिंग’ची गरज नाही. स्क्रीनिंग म्हणजे काही त्रास नसताना केलेली चाळणी. त्रास असेल तर निदान करायचं असतं, आणि ते पुढच्या शिबिरापर्यंत थांबवायचं नसतं. सर्जनकडे जायचं. तिथे तीन गोष्टी होतात: डॉक्टर हाताने तपासतात, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी किंवा दोन्ही होतात, आणि गरज असेल तर जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा घेऊन तपासतात. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती खरी नाही. सुई न लावता नुसती गाठ काढून टाकली, तर पुढच्या उपचाराचा नीट आराखडाच करता येत नाही.

आणि घाबरू नका. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते सांगण्याचा अधिकार तपासणीला आहे. तो शेजारणीला नाही आणि नवऱ्यालाही नाही.

दुसरी रांग मी मुद्दाम शेवटी ठेवते. आधी तिसरी घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेक जणी तिच्यातच आहेत. काही त्रास नाही, घराण्यात विशेष काही नाही, वय पंचावन्नच्या आसपास.

आपला धोका किती? देशातल्या कर्करोग नोंदणी केंद्रांच्या २०२० च्या अहवालानुसार, भारतात वयाच्या चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंत साधारण २९ बायकांत एकीला हा आजार होतो. आपल्या वर्गात मुली तीसच्या आसपास होत्या. म्हणजे एका वर्गामागे एक. अमेरिकेत संपूर्ण आयुष्याचा हिशेब आठात एक असा सांगतात. तो आकडा मोबाईलवर वाचून आपल्याकडच्या बायका घाबरतात. तो आपला आकडा नाही. पण आपला आकडा लहान आहे म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. आपल्याकडे आजार कमी जणींना होतो, पण झालेल्यांपैकी फार जणी दगावतात, आणि त्यामागचं एक मोठं कारण उशीर हे आहे.

धोका कशाने वाढतो? बाई असणं आणि वय वाढणं ही दोन सगळ्यांत मोठी कारणं, आणि ती बदलता येत नाहीत. पाळी बाराव्या वर्षाआधी सुरू होणं, पंचावन्ननंतर थांबणं, मूल नसणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, अंगावर न पाजणं, यांनी थोडाथोडा वाढतो. पाळी थांबल्यावर वाढलेलं वजन, दारू, पाळी गेल्यावर अनेक वर्षं घेतलेल्या संप्रेरकांच्या मिश्र गोळ्या, यांनीही वाढतो. तरुण वयात छातीवर किरणोपचार झाले असतील, किंवा आधीच्या बायोप्सीत पेशींची वाढ वेडीवाकडी आहे असं लिहून आलं असेल, तर बराच वाढतो. घट्ट ब्रा, छातीला लागलेला मार, डिओडरंट, कोणाची नजर, यांनी वाढत नाही. आणि हे नीट ऐका: ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कोणालाच तो झालेला नसतो. “आमच्या घराण्यात नाही” हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही.

आता तपासण्या. बाजारात इतक्या आहेत की मेहरूणच्या बोरांसारख्या पाटीत घालून विकतात. एकेक घेऊ.

पहिली, स्वतःचं स्वतः तपासणं. दर महिन्याला ठरलेल्या पद्धतीने आरशासमोर तपासा, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना स्वतः तपासायचं नीट शिक्षण दिलं. २००२ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत मृत्यू सारखेच होते. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र जास्त झाल्या. म्हणून आता सल्ला असा आहे की महिन्याचं व्रत करू नका, पण आपलं शरीर ओळखीचं असू द्या. अंघोळ करताना, कपडे बदलताना काही वेगळं वाटलं तर त्याच आठवड्यात दाखवा. स्वतःला हात लावणं वाईट नाही. हाताला लागलेलं अकरा महिने लपवणं वाईट आहे.

दुसरी, प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी. याबद्दलचा जगातला एक मोठा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झाला आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये तो सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा हे त्याचे प्रमुख. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी झाली. ती डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केली. आपल्यासारख्याच दहावी पास! वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वयाच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत असा ठोस फरक दिसला नाही. आपण सगळ्या आता पन्नाशीच्या पुढे आहोत, म्हणजे हा निकाल थेट आपल्यासाठी आहे. यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकलेला हात. जिथून जळगाव किंवा धुळ्याला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं तिकीट वेगळं, त्या गावांसाठी ही तपासणी फार मोलाची आहे.

सरकारी कार्यक्रमातही तीच आहे. तिशीपासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करावी, असं केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरलं आहे. आशाताई घरी येऊन प्रश्नांचा एक फॉर्म भरतात. त्यात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, असे प्रश्न असतात. आपण दारातच “काही नाही, काही नाही” म्हणून त्यांना पाठवतो. पुढच्या वेळी त्यांना बसवा, चहा द्या आणि खरं उत्तर द्या. सासू खोलीत असेल तर सासूलाही तेच प्रश्न विचारायला लावा.

तिसरी, मॅमोग्राफी. हा स्तनांचा एक्स-रे. हाताला लागायच्या आत असलेलं त्यात दिसू शकतं. जागतिक आरोग्य संघटना मुख्यतः ५० ते ६९ या वयात दर दोन वर्षांनी सुचवते, तेही जिथे पुढची सगळी सोय नीट आहे तिथे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये ४० ते ७४ असं वय सांगितलं. चाळिशीत फायदा कमी आणि उगाच धावपळ जास्त, म्हणून त्या वयात डॉक्टरशी बोलून ठरवावं. आपल्या वयात दोन वर्षांतून एकदा करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पाट्यांमध्ये दाबतात, ते काही क्षण दुखतं. किरणांचं प्रमाण फार थोडं असतं.

पण तिच्या उणिवाही सांगायला हव्यात. स्तन घट्ट पेशींचे असतील तर मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. म्हणजे रिपोर्ट चांगला आला आणि महिन्याने गाठ लागली, तर रिपोर्ट बाजूला ठेवून पुन्हा जायचं. कधीकधी असा कर्करोगही सापडतो, ज्याने त्या बाईला आयुष्यभर त्रास दिला नसता, आणि तरी त्यावर उपचार होतात. आणि कधी काही नसताना परत बोलावतात. मला स्वतःला पहिल्याच वेळी परत बोलावलं होतं. मधले आठ दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. नवरा विचारायचा, मी म्हणायची, पित्त झालंय. सोनोग्राफीत ती पाण्याची साधी गाठ निघाली. परत बोलावणं म्हणजे कर्करोग नव्हे, हे त्या आठ दिवसांत मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी तुम्हाला आज सांगते आहे.

सोनोग्राफी ही मॅमोग्राफीला जोड म्हणून, घट्ट स्तनांसाठी आणि तरुण मुलींच्या गाठीसाठी चांगली. ती एकटी मॅमोग्राफीची जागा घेत नाही. एमआरआय ही जास्त धोका असलेल्यांसाठी. उष्णतेचा रंगीत फोटो काढणारी थर्मोग्राफी मॅमोग्राफीऐवजी चालत नाही, आणि ‘कॅन्सर मार्कर’ची रक्ततपासणी निरोगी बाईत हा आजार शोधण्यासाठी नसते. पॅकेजमध्ये स्वस्त पडते म्हणून ती करून घेऊन “मी सगळं तपासलं” असं समाधान मानू नका.

आता दुसरी रांग. इथे मला माझ्या घरात शिरावं लागणार.

अनेक वर्षं कुठलाही फॉर्म आला की ‘कौटुंबिक इतिहास’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहायची. आईला नव्हता, मावशीला नव्हता. अमेरिकेत १९८९ मध्ये तयार झालेलं धोका मोजायचं एक सूत्र आहे, त्याला गेल यांचं सूत्र म्हणतात. वय, पाळी, पहिलं मूल, आधीच्या बायोप्सी, आणि आई-बहीण-मुलगी यांना आजार होता का, एवढं भरलं की आकडा येतो. मी एकदा गंमत म्हणून भरलं. आकडा अगदी साधारण आला. मी खुश.

माझ्या आत्याबद्दल मात्र त्यात रकानाच नव्हता. मी सातवीत असताना माझी फुई वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. घरात म्हणायचे, “छातीच्या दुखण्यानं गेली.” आजी, म्हणजे वडिलांची आई, तिच्याही आधी गेली होती. तिच्याबद्दल म्हणायचे, “पोटात पाणी झालं होतं.” मी एमबीबीएस झाले, भूलशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलं, बीजाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी होतं हे परीक्षेत लिहिलं, आणि तरी ही दोन वाक्यं मी कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. ती माझ्यासाठी घरातली वाक्यं होती. दवाखान्यात विचारायच्या प्रश्नांशी त्यांचा काही संबंध असेल, असं डोक्यात आलंच नाही.

२०१९ मध्ये माझ्या आतेबहिणीला स्तनाचा कर्करोग झाला. वय ४६. तिच्या डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली आणि जनुकाची तपासणी सुचवली. तिच्यात बीआरसीए-१ या जनुकात दोष सापडला. हे जनुक आपल्या प्रत्येकात असतं, पेशींची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. ते बिघडलेलं असेल, तर एका मोठ्या अभ्यासानुसार ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७२ टक्के, आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा सुमारे ४४ टक्के. त्याच जातीचं दुसरं जनुक बीआरसीए-२, त्यात ६९ आणि १७ टक्के. एकूण स्तनकर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच असे वंशातून आलेले असतात. पण ज्या घरात असतात, त्या घराचं गणित सगळंच बदलतं.

आणि हा दोष बापाकडूनही येतो. अगदी तितकाच. आईकडचंच मोजायचं, ही आपली सगळ्यांची समजूत आहे, माझ्यासारख्या डॉक्टरचीसुद्धा होती. दोष असलेल्या माणसाकडून प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. पुरुषात तो बहुधा शांत बसतो आणि मुलीत जागा होतो. म्हणून मधली पिढी सगळी भावांची असेल तर घराण्यात काही नाही असं वाटतं.

मी आणि माझा भाऊ, दोघांनी तपासणी केली. कुटुंबातला दोष एकदा माहीत झाला की बाकीच्यांची फक्त तीच जागा तपासायची असते, त्यामुळे खर्च बराच कमी होतो. माझ्यात दोष नव्हता. म्हणजे माझा धोका पुन्हा सर्वसाधारण बाईइतका झाला. शून्य नव्हे, म्हणून माझी दोन वर्षांची मॅमोग्राफी चालूच आहे.

भावाच्या रिपोर्टमध्ये दोष होता.

तो रिपोर्ट माझ्या हातात होता आणि मला माझ्या रिपोर्टचा आनंद करता येईना. त्याला दोन मुलं, त्यातली एक मुलगी. वहिनी म्हणाली, “हे बाहेर बोलायचं नाही. पोरीचं लग्न व्हायचंय.” मी वहिनीला दोष देत नाही. आपल्या समाजात स्थळ बघताना काय काय विचारतात ते मला ठाऊक आहे. सहा महिने आम्ही चौघं गप्प होतो. मग आमच्या भाचीलाच कुणकुण लागली आणि ती म्हणाली, “आजीला माहीत नव्हतं, फुईला माहीत नव्हतं. मला माहीत असू शकतं, तर तुम्ही ते लपवताय कशासाठी?” तिने पुढे काय ठरवलं, तपासणी केली की नाही, ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे. पण हे भाषण करू का, असं मी भावाला, वहिनीला आणि तिला विचारलं. तिघांनी हो म्हटलं. वहिनीने सगळ्यांत शेवटी.

दोष सापडला म्हणजे शिक्षा झाली असं नाही. अशा बाईसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, मुलं झाल्यावर योग्य वयात बीजाशय काढणं, काहींनी स्तन काढून घेणं, असे मार्ग आहेत. अँजेलिना जोली या अभिनेत्रीने २०१३ मध्ये आपण असा निर्णय घेतल्याचं जाहीर लिहिलं होतं. प्रत्येकीने तेच करावं असं नाही. पण माहीत असेल तरच निवड करता येते. पुरुषांनाही काम उरतं. दोष असलेल्या पुरुषाने स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायचं, आणि प्रोस्टेटच्या तपासणीबद्दल चाळिशीपासून डॉक्टरशी बोलायचं. स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत साधारण एक पुरुषाचा असतो. तोही “मला कसा होईल” म्हणून उशिराच येतो.

मग दुसऱ्या रांगेत कोणी उभं राहायचं? आईकडच्या किंवा वडिलांकडच्या, एकाच बाजूच्या दोन जवळच्या नातेवाइकांना स्तनाचा कर्करोग झाला असेल. एखादीला पन्नाशीच्या आत झाला असेल. एकीच्या दोन्ही बाजूंना झाला असेल. बीजाशयाचा कर्करोग कोणत्याही वयात कोणाला झाला असेल. घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल. यातलं काही असेल तर थेट लॅबमध्ये जाऊन रक्त देऊ नका. आधी जनुकीय समुपदेशन घ्या, आणि जमेल तेव्हा तपासणीची सुरुवात आजार झालेल्या व्यक्तीपासून करा. निरोगी माणसाचीच आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

पण हे सगळं कळायला घराण्याची माहिती लागते, आणि ती आपल्याकडे कागदावर नाही. ती म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे, तीही झाकलेली. “गाठीनं गेली.” “छातीला फोड झाला होता.” “पोटात पाणी झालं.” “अंगावरचं जात होतं, त्यातच गेली.” प्रत्येक वाक्याचा अर्थ कर्करोगच असेल असं नाही. पण ते ऐकून सोडून द्यायचं नाही. वय काय होतं, कोणत्या दवाखान्यात नेलं होतं, काही शस्त्रक्रिया झाली होती का, जुनी फाईल कोणाच्या ट्रंकेत आहे का, हे विचारायचं.

त्यासाठी आपल्या खान्देशाला देवाने एक दिवस दिला आहे: आखाजी. सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, गाणी होतात. येत्या आखाजीला दुपारी अंग टाकल्यावर आई, काकू, आत्या, मावशी यांना जवळ बसवा. एक वही घ्या. आजी-आजोबांपासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंची नावं लिहा, कोण कशाने गेलं आणि कितव्या वर्षी, ते लिहा. आपण इतिहासात राजांच्या वंशावळी पाठ केल्या, ही एक घरची. तिची झेरॉक्स भावंडांना द्या. आमच्या घरात ही वही चाळीस वर्षांपूर्वी कोणी केली असती, तर आतेबहिणीला वेळेवर कळलं असतं. ती बरी आहे, देवाची कृपा आणि उपचारांची.

मुलग्यांनो, तुम्हाला थांबवून ठेवलं ते यासाठी. तुमच्या बहिणीला, आईला काय झालं होतं ते तुमच्या मुलींना सांगणारं दुसरं कोणी नाही, तुम्हीच आहात. आणि बायको म्हणाली “काहीतरी लागतंय”, तर “लग्न होऊ दे मग बघू”, “कापूस विकला की जाऊ” असं म्हणू नका. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. अंगीकृत रुग्णालयं कोणती, ते आरोग्यमित्राला विचारा. धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करा. आणि मला फोन करा. माझा नंबर आपल्या ग्रुपवर आहे. भूल देत असेन तर उचलणार नाही, पण नंतर नक्की करेन.

आपली मैत्रीण शेवटच्या दिवसांत मला म्हणाली होती, “तू एवढी मोठी डॉक्टर, तुले कसाले तरास देऊ?” ते वाक्य मी विसरू शकत नाही. आपण एका डब्यातली भाकरी खाल्ली, एकमेकींच्या वह्या उतरवल्या. आता गाठ दाखवायला कसला संकोच? मला त्रास द्या. पंचावन्नाव्या वर्षी मैत्रिणींनी एवढं तरी करायलाच हवं.

बाई, धडा संपला. या वेळी घरी वाचायला दिला नाही, वर्गातच घेतला. तुम्ही मघापासून मान हलवताय, म्हणजे पास केलंत असं मी समजते. आणि बाई, तुमचंही वय तपासणीचं आहे. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते.

भरीत तयार झालं आहे. एवढं बोलून मी थांबते.